उस्तादांचा नऊ

आमच्या शाळेतल्या त्या प्रकाराला मोठ्या गुरुजींनी 'स्वप्रगती निवेदन' असं भारदस्त नाव दिलं होतं. गावात ते कुणाच्या जिभेवर बसेना. आठ दिवसांच्या आत लोकांनी त्याची 'जबानी' करून टाकली. अंबडचं कोर्ट जवळ, त्यामुळं जबानी म्हणजे काय हे आमच्याकडं पहिलीतल्या पोरालाही ठाऊक होतं. समोर उभं राहायचं, खरं तेच बोलायचं आणि मग जे होईल ते निमूट सोसायचं. मला तर त्या शब्दानंच अर्धा ताप भरला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आमचा भाग तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचा. जालना हा जिल्हा व्हायचा होता, आमच्या लेखी ते फक्त वडिलांना, म्हणजे आबांना, शिवणकाम शिकवणाऱ्या उस्तादांचं गाव. शाळा सातवीपर्यंत. मोठे गुरुजी त्याच वर्षी बदलून आले होते, साताऱ्याकडचे. बोलणं पुस्तकातल्यासारखं, आणि पोरांनाही अहो-जाहो करायचे. 'तुम्ही उभे राहा' म्हणाले की आम्ही मागं वळून बघायचो, कुणाला म्हणतायत म्हणून. अंबडला खोली घेऊन ते राहात आणि रोज एसटीनं येऊन एसटीनं परत जात, त्यामुळं गावातल्या गप्पा त्यांच्या कानापर्यंत पोचत नसत.

त्यांचं म्हणणं असं की निकाल मास्तरांनी सांगायचा, आईबापांनी ऐकायचा आणि घरी जाऊन पोराला बडवायचं, यात ज्याचा निकाल ते पोर कुठंच नाही. ज्याचा निकाल त्यानंच तो सांगावा. म्हणून सहामाहीनंतरच्या शनिवारी सातवीतल्या प्रत्येकानं आईला नाहीतर वडिलांना शाळेत आणायचं, समोर बसवायचं, प्रगतिपुस्तक उघडून एकेका विषयाचे मार्क वाचून दाखवायचे आणि शेवटी तीन वाक्यं बोलायची. मला काय येतं, मला काय येत नाही आणि मी आता काय करणार. त्यावर पालकांनी एकच प्रश्न विचारायचा आणि सही किंवा अंगठा करायचा. गुरुजी खोलीत बसणार, पण बोलणार नाहीत. पोर अडखळलं तरी नाही, रडलं तरी नाही, चुकलं तरी नाही. हा नियम त्यांनी आम्हाला तीनदा सांगितला आणि तिसऱ्यांदा सांगताना स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

आम्ही दोघी बहिणी एकाच वर्गात होतो. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचं शाळेत जायचं वय झालं तेव्हा मी चार वर्षांची. माय रोजानं शेतात जायची, मला सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून अक्काला दोन वर्षं घरी ठेवलं आणि मी सहाची झाल्यावर दोघींची नावं एकाच दिवशी घातली. माझ्यामुळं तिची दोन वर्षं गेली हे घरात कुणी कधी बोललं नाही. अक्का तर मुळातच कमी बोलायची. सगळं बोलणं माझ्या वाटणीला आलं होतं. कविता पाठ, भाषण पाठ, पाहुण्यांपुढं घडाघडा म्हणून दाखवायला मी पुढं. त्यामुळं धाकटी हुशार असा गावभर बोलबाला होता, आणि खरं सांगायचं तर तो पसरवण्यात माझाही हात होता.

सातवीनंतर अंबड. तिथं मावशी राहायची, एका खोलीत, स्वतःच्या चार लेकरांसकट. एकीला ठेवून घेते, दोघींना जागा नाही, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकायला आमच्याकडं मुलींना तेव्हा कुणी पाठवत नसे. म्हणजे आठवीला एकच जाणार, आणि दुसरी घरी राहून आबांच्या हाताखाली काजं-बटणं करणार. आबांनी यावर बराच विचार केला असावा. दिवाळीच्या आधी एकदा जेवताना ते म्हणाले की सहामाहीत जिचं गणित चांगलं, ती जाईल. त्यांचा धंदा मापाचा. ज्याला माप कळतं त्याला सगळं कळतं असा त्यांचा पक्का समज होता.

मला गणित येत नव्हतं. म्हणजे थोडंफार चुकायचं असं नव्हे, बिलकुल येत नव्हतं. पेपर हातात आला की आकडे एकमेकांत मिसळायचे. सहामाहीच्या गणिताच्या पेपरला मी अर्धा वेळ भिंतीवरच्या पालीकडं बघत काढला होता. पाल मात्र पूर्ण तीन तास एका जागी होती.

सोमवारी प्रगतिपुस्तकं मिळाली. शनिवारच्या तयारीसाठी घरी न्यायची होती. माझ्या मराठीपुढं अडुसष्ट, इतिहासापुढं साठ, आणि गणितापुढं शंभरापैकी तेरा. लाल शाईत, खाली लाल रेघ. अक्काला गणितात पंच्याहत्तर. येताना वाटेत तिनं माझं पुस्तक मागितलं, बघितलं आणि परत दिलं.

आता आबांच्या आकड्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या वस्तीत शिवणकाम करणारे ते एकटे. गावात शिंप्यांची दोन घरं होती, पण त्यातल्या कुणी त्यांना मशीनला हात लावू दिला नसता. तो लावू दिला जालन्यातल्या एका मुसलमान उस्तादांनी. त्यांच्याकडं सहा वर्षं राहून आबा काम शिकले. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अक्षर एक येत नव्हतं, पण माप लिहून ठेवावं लागतं म्हणून उस्तादांनी त्यांना आकडे शिकवले, आणि ते शिकवले उस्तादांना येत होते ते, उर्दू. कापडावर खडूनं ते आकडे टाकायचे ते हेच. गळ्यातल्या टेपवर असायचे इंग्रजी, तेही ओळखीचे झाले होते. मराठी आकड्यांशी मात्र त्यांची कधी नीट गाठ पडली नाही. कुठं दिसलेच तर कुणालातरी विचारून काम भागायचं.

त्या संध्याकाळी ओसरीवर मशीन थांबवून त्यांनी दोन्ही पुस्तकं मागितली. आधी अक्काचं उघडलं आणि गणित कुठलं ते विचारून त्या जागी बोट ठेवलं. तिथले सात आणि पाच त्यांना ओळखू येईनात. हे किती म्हणून त्यांनी विचारलं. अक्कानं पंच्याहत्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली, 'ब्येस' म्हणाले. मग माझं उघडलं. आता विचारतील आणि मला तेरा म्हणावं लागेल, म्हणून मी डोळे मिटून घेतले होते.

"थांब, सांगू नको," आबा म्हणाले. "ह्ये मला येतं."

मी डोळे उघडले. त्यांचं बोट लाल आकड्यावर होतं आणि चेहरा असा फुलला होता की तसा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"नऊ. आन् ह्यो तीन. त्र्यान्नव."

क्षणभर मला काही कळेना. मग कळलं. उस्तादांचा नऊ म्हणजे वर गोल डोकं आणि खाली शेपटी. टेपवरचा इंग्रजी नऊ, तोही वर गोल डोकं, खाली शेपटी. आणि आपला मराठी एक? त्याचंही तेच. तीन तर टेपवरच्या तीनसारखाच. आयुष्यात पहिल्यांदा आबांनी कुणालाही न विचारता पुस्तकातलं काहीतरी स्वतः वाचलं होतं, आणि ते माझे तेरा मार्क होते.

लाल शाई कशापायी, असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तरही त्यांनीच दिलं. खास असंल म्हणून लाल. आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तेवढंच केलं मी. तोंडानं एकही खोटा शब्द काढला नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला बजावत आले. पण मान माझीच होती आणि ती मीच हलवली होती.

अक्का चुलीपाशी बसून सगळं बघत होती. तिला मराठी आकडे चांगले येत होते. ती उठली आणि पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी आबांनी ओसरीवरच्या फळीवर खडूनं मोठा त्र्याण्णव काढला, उस्तादांच्या आकड्यांत. कपडे टाकायला येणारा प्रत्येक जण हे काय म्हणून विचारायचा, आणि मग आबा मशीनवरचे पाय थांबवून सांगायचे. एरवी त्यांना बोलायचा कंटाळा. आता शेरवाणीचं माप सांगावं तसं बराबर आणि सावकाश सांगायचे, शंभरातले त्र्यान्नव, लाल शाईतले. लोक माझ्याकडं बघायचे, शाब्बास म्हणायचे, आणि मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे.

बुधवारी ते अंबडच्या बाजाराला गेले. मावशीला सांगून आले की धाकटी येणार. येताना हायस्कूलच्या मुलींच्या स्कर्टाचं असतं तसलं गडद निळं कापड घेऊन आले. जूनला अजून सात महिने होते, पण आबांना दम कुठला. गुरुवारी दुपारी त्यांनी मला उभं करून कंबर मोजली, उंची मोजली, वाढतं अंग म्हणून खाली चार बोटं दुमड सोडली आणि कात्री चालवली. कात्रीचा आवाज मला पाठीत ऐकू येत होता. कापड कापताना आबा कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलत होते. अंबडला गेलीस की मावशीला त्रास देऊ नको, लेकरांत खेळत बसू नको, असं काहीबाही. पलीकडं अक्का एका जुन्या चिंधीवर काज करायला शिकत होती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं आपलं अंगुस्तान आबांनी तिला दिलं होतं, तिच्या बोटाला ते ढिलं होत होतं.

त्याच दुपारी मी तिला न्हाणीमागं गाठलं आणि विचारलं की तू सांगणार आहेस का. तिनं मला नीट बघून घेतलं.

"जबानी तुझीय," ती म्हणाली. "माझी मी देईन."

मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, निदान शिवी तरी देईल. मग मलाही उलटून काही बोलता आलं असतं. तिनं तीही सोय ठेवली नाही.

सुटकेचे सगळे मार्ग मी करून पाहिले. काखेत कांदा ठेवला की ताप चढतो असं वर्गातल्या मुली सांगायच्या. शुक्रवारी दिवसभर ठेवला. अंगाला कांद्याचा वास आला, ताप काही आला नाही, आणि मायनं मला आंघोळ घातली. मायला सांगावं असं एकदा वाटलं. पण ती कापूस वेचून आलेली, बोटं सोललेली, आणि तीही त्या त्र्याण्णवच्या आनंदात. शनिवारी आपल्याला येता येणार नाही याचंच तिला वाईट वाटत होतं.

आणि मग मला गुरुजींचा नियम आठवला. पोर चुकलं तरी गुरुजी बोलणार नाहीत. खोलीत एका वेळी एकाच घरची माणसं असणार. अक्का स्वतःहून काही सांगणार नव्हती. म्हणजे मी जर सरळ त्र्याण्णव वाचलं, तर अडवणारं कुणी नव्हतं. हे सुचल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. आतापर्यंत पकडलं जाण्याची भीती होती. आता न पकडलं जाण्याची भीती होती, आणि ती जास्त वाईट निघाली. तरी मी शाळेमागं जाऊन तो शब्द मोठ्यानं म्हणून बघितला. त्र्याण्णव. जोडाक्षर अवघड होतं. चार-पाचदा म्हटल्यावर जमलं.

शनिवारी शाळा सकाळची. आईबाप लिंबाखाली बसले होते, कुणी फेटा बांधून, कुणी शेतातून तसंच. आत जाऊन आलेलं पोर बाहेर आलं की सगळे त्याचं तोंड बघायचे. एक मुलगा आत रडला ते बाहेर ऐकू आलं. आबांनी धम्मचक्र दिनाला शिवलेला पांढरा सदरा घातला होता. टेप काढायला विसरले होते, ती गळ्यातच होती. त्यांच्या एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला मी. मला सारखं पाणी प्यायला जावंसं वाटत होतं आणि उठायची हिंमत होत नव्हती.

आम्हाला दोघींना एकत्रच बोलावलं. खोलीत एक टेबल, त्याच्या एका बाजूला आबांसाठी खुर्ची. आबा तिच्यावर बसेनात. गुरुजींनी हातानं खूण करून बसवलं, आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बसले, हनुवटीखाली मूठ ठेवून.

आधी अक्का. तिनं विषय वाचले, मार्क वाचले, एकाच सुरात. मग तीन वाक्यं. मला गणित येतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. तिसऱ्याला ती थोडी थांबली.

"मी आता काजं करणार," ती म्हणाली.

गुरुजींनी मान वर केली. वर्गातल्या सगळ्यात चांगल्या गणिताची मुलगी काजं का करणार, हे त्यांना कुठून कळावं. त्यांचा ओठ हलला आणि मिटला. नियम त्यांचाच होता. आबांचा प्रश्न उरला होता. त्यांनी हळूच विचारलं, वाईट तर वाटत न्हाई ना. अक्का न्हाई म्हणाली. आबांनी अंगठा केला आणि शाई डोक्याला पुसली.

मग मी. पुस्तक उघडलं. मराठी वाचलं, हिंदी वाचलं, इतिहास वाचला. आवाज माझाच होता, पण लांबून येत होता. गणिताची ओळ आली. गणित, एवढं म्हटलं आणि पुढं जीभ वळेना. काल घोकलेला शब्द टाळूला चिकटून बसला होता. मी गुरुजींकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

तेवढ्यात आबा पुढं वाकले. आपल्याला येणारी ती एक ओळ गुरुजींसमोर स्वतः वाचावी, हे त्यांनी घरून ठरवूनच आणलं असावं.

"ह्ये म्या वाचतो, गुर्जी," ते म्हणाले. बोट ठेवलं आणि मोठ्यानं, शाळकरी पोरासारखं वाचलं, "त्र्यान्नव."

गुरुजींची खुर्ची करकरली. गणित तेच शिकवायचे, पेपर त्यांनीच तपासला होता. ते अर्धे उठले. मी त्यांच्याकडं असं बघत होते की आता हेच सांगतील, सुटेन मी. त्यांनी आबांच्या बोटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि परत खाली बसले. हाताची मूठ तोंडावर दाबून धरली होती. इतका राग मला त्याआधी कुणाचा आला नव्हता.

मी जन्मात इतकी भ्याले नाही. आबा मारतील ही भीती नव्हती, त्यांनी आम्हाला कधी बोट लावलं नव्हतं. भीती त्यांच्या चेहऱ्याची होती. तो फुललेला चेहरा तसाच ठेवायचा तर गप्प राहणं पुरेसं होतं. शब्द त्यांनीच उच्चारला होता, मला तोही उच्चारायची गरज उरली नव्हती. अक्का जमिनीकडं बघत होती. तिच्या बोटाला सुई टोचल्याचे बारीक काळे ठिपके पडले होते, तीन की चार. ते मी मोजत बसले. मोजता मोजता माझ्या तोंडून निघून गेलं.

"तेरा हाय, आबा. त्र्यान्नव न्हाई."

आबांनी बोट उचललं नाही. त्यांना वाटलं मीच चुकले. दुसऱ्या हातानं त्यांनी गळ्यातली टेप ओढली, अंगठ्यानं सरकवत सरकवत नऊपर्यंत आले आणि टेपचा तो तुकडा पुस्तकावर माझ्या मार्कांशेजारी ठेवला. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी होते, गोल डोकं आणि खाली शेपटी.

"मंग ह्यो काय हाय?"

"टेपवरचा नऊ हाय. पुस्तकातला एक हाय. आपल्या मराठीत एक असाच काढतात."

त्यांनी एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. मग गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी मान खाली घातली. आबांचा चेहरा हळूहळू मिटत गेला. ते बघणं चुकवावं म्हणून मी तीन वाक्यं म्हणायला लागले. मला वाचता येतं. मला गणित येत नाही. तिसऱ्याला काही सुचेना, म्हणून अक्काचंच म्हटलं, मी आता काजं करणार.

"एकच इचारायचं न्हवं, गुर्जी?" आबांनी विचारलं. गुरुजींनी हो म्हणून मान हलवली. आबा माझ्याकडं वळले.

"सोमवारी ठाऊक व्हतं तुला?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी अंगठा शाईवर टेकवला आणि पुस्तकावर उठवला. मग अक्काकडं बघितलं. तिलाही ठाऊक होतं का, हे त्यांना विचारायचं असणार, पण तिच्या वाटणीचा प्रश्न खर्च होऊन गेला होता.

"थोरले, जूनला तू जायचं," एवढंच ते म्हणाले आणि टेप गुंडाळून खिशात घातली.

घरी गेल्यावर त्यांनी ओल्या फडक्यानं फळी पुसली. लोक पुढं दोन-चार दिवस विचारत राहिले, त्यांना ते खरं काय ते सांगत. वाचायला म्या चुकलो, असं म्हणत. पोरीनं लपवलं, असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी मला चारचौघांत झोडपून काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

निळा स्कर्ट कापून झाला होता. अक्का माझ्याहून डोकंभर उंच. दुमडलेली चार बोटं उसवली तरी तो तिच्या गुडघ्याच्या वरच राहायचा. तसलं कापड परत मिळालं नाही, दुसरं मिळालं ते थोडं फिकट. आबांनी त्याची पट्टी कापली आणि स्कर्टसकट माझ्या पुढ्यात टाकली. पट्टी तू जोडायची, मशीनवर न्हाई, हातानं. मी रोज थोडी थोडी करत आठवड्यात जोडली. टाके वाकडे, कुठं आखूड, कुठं लांब. आबांच्या ओसरीवरून वाकडी शिवण कधी बाहेर गेली नव्हती. त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी बघितली, उसवली नाही, आणि घडी घालून ठेवून दिली. अक्का अंबडला तोच स्कर्ट तीन वर्षं घालत होती. मुली तिला पट्टीबद्दल विचारायच्या. काय सांगायचीस, असं मी विचारलं तर म्हणाली, उंची वाढली असं सांगते.

मी काजं शिकले. चांगली करते अजून. मॅट्रिकही झाले पुढं, बाहेरून, तिसऱ्या खेपेला, अर्थात गणितामुळं. अक्का जालन्याला एका बियाण्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात लागली आणि आकड्यांतच तिनं नोकरी काढली. आबांनी त्यानंतर कुठलाच आकडा आमच्यासमोर वाचला नाही. लग्नपत्रिका आली, लाइटचं बिल आलं, दवाखान्याची चिठ्ठी आली, की पुढं सरकवायचे आणि आम्ही वाचेपर्यंत दुसरीकडं बघायचे. कापडावर मात्र शेवटपर्यंत उस्तादांचेच आकडे टाकत राहिले.

आबा गेल्यानंतरची गोष्ट. मी अक्काकडं राहायला गेले होते. दोघी मेथी निवडत बसलो होतो. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी मी गप्प बसले असते, त्र्याण्णवच राहू दिलं असतं, तर तू कधीतरी सांगितलं असतंस ना? मला ती हो म्हणायला हवी होती. हो म्हणाली असती, तर माझ्या बोलण्यावाचून काही अडलं नव्हतं असं मला मानता आलं असतं.

"न्हाई," अक्का म्हणाली.

का, असं मी विचारलं.

"आबांनी पहिल्यांदा काहीतरी वाचलं व्हतं," ती म्हणाली, आणि दुसरी जुडी सोडून पुढ्यात घेतली.

हातातल्या काड्या कुठल्या आणि पानं कुठली हे मला बराच वेळ कळत नव्हतं.